आखाजीला ज्युनिपर तपकिरी का पडतो : कोवळ्या रोपांना वळण देणाऱ्यांसाठी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमाराला जळगाव, भुसावळ, धुळ्याकडून मला एकाच तऱ्हेची विचारणा येते. दिवाळीत किंवा संक्रांतीला पुण्याकडून ज्युनिपर या सूचीपर्णी झाडाची चार-सहा रोपं आणली, पुढेमागे चांगले वामनवृक्ष (बोन्साय) व्हावेत म्हणून खोडाला तार गुंडाळून वळण दिलं, कुंडी बदलली, रोज पाणी घातलं. होळीला झाड हिरवंगार होतं. आणि आता आठ दिवसांत सगळं तपकिरी. कुणी त्या आठवड्यात घातलेल्या खताला दोष देतो, कुणी उन्हाला, कुणी पाण्याला. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा रोपं येतात आणि पुढच्या आखाजीला पुन्हा तेच.

मी जळगावात गच्चीवर सोळा वर्षं ही झाडं वाढवतो आहे. पहिल्या तीन उन्हाळ्यांत माझीही जवळजवळ सगळी रोपं अशीच गेली. त्या काळात कुणी मला पुढची एक गोष्ट सांगितली असती तर निम्मी तरी वाचली असती.

झाड तपकिरी दिसलं त्या आठवड्यात ते मेलेलं नसतं. ते महिना-दीड महिना आधीच गेलेलं असतं.

तुळशीला पाणी कमी पडलं की ती दुपारपर्यंत मान टाकते आणि पाणी घातलं की संध्याकाळी सावरते. मिरचीचं, वांग्याचं रोपही तसंच. ज्युनिपर असं काही सांगत नाही. त्याचं पान खवल्यासारखं किंवा सुईसारखं, कडक आणि मेणचट. आतलं पाणी ते फार सावकाश सोडतं. मुळं पूर्ण कुजली तरी वरचा भाग कित्येक आठवडे हिरवा राहतो, थंडीत तर त्याहूनही जास्त. पटत नसेल तर छाटलेली एक फांदी पाण्याशिवाय खिडकीत ठेवा आणि ती कधी तपकिरी होते त्याची तारीख लिहून ठेवा. माझ्याकडे डिसेंबरात छाटलेली फांदी जानेवारीच्या शेवटापर्यंत हिरवी होती. तिला मूळच नव्हतं.

अमळनेरचे एक नाना चैत्रात कुंडी घेऊन घरी आले होते. झाड दिसायला ठीक, फक्त रंगाची तकाकी गेलेली. मी खोडाजवळ नखाने साल थोडी खरवडली, आत ओला हिरवा थर नव्हता, कोरडा पिवळट-तपकिरी होता. मी सांगितलं की हे गेलंय. नानांना ते खरंच वाटेना. म्हणाले, "हिरवंगार शे ना आजून, मंग मरनं कशे?" मग आम्ही बसून तारखा मागे मोजल्या. महाशिवरात्रीनंतरच्या रविवारी त्यांनी नळाखाली धरून मुळांवरची सगळी माती धुऊन काढली होती आणि त्याच दिवशी खोडाला तारही घातली होती. झाड त्या रविवारीच संपलं होतं. पुढचे पाच आठवडे नाना त्याला प्रेमाने पाणी घालत होते.

म्हणून तपास करताना आजच्या उन्हाकडे बघू नका. कॅलेंडर दीड-दोन महिने मागे न्या आणि तेव्हा मुळांचं काय केलं ते आठवा.

तपकिरी होण्याआधी कसं ओळखायचं

सर्वांत आधी फांद्यांची टोकं बघा. वाढत्या ज्युनिपरची टोकं बाकी पानांपेक्षा फिकी, पोपटी असतात. सगळं झाड एकाच गडद रंगाचं दिसू लागलं की वाढ थांबली आहे. कडाक्याच्या थंडीत हे चालतं. फेब्रुवारीत किंवा पावसाळ्यात असं दिसलं तर काळजी करा. त्यानंतर हिरव्यात राखेसारखी छटा येते. हात फिरवला की जिवंत पान लवचिक लागतं, गेलेलं पान खरखरीत लागतं आणि चुरगळलं की मोडतं.

पण माझा सर्वांत जास्त भरवसा कुंडीच्या वजनावर आहे. रोज संध्याकाळी हलकी होणारी कुंडी अचानक तीन-तीन दिवस जड राहू लागली, तर मुळं पाणी पीत नाहीत. ही खूण तपकिरी रंगाच्या महिनाभर आधी मिळते. दुर्दैवाने बहुतेक जण इथेच चुकतात, कारण पाइप घेऊन सगळ्या कुंड्यांना एकाच वेळी सारखं पाणी घालायची सवय असते. कुंडी उचलून बघा. दोन मिनिटं जास्त लागतात.

लाल मातीचा गोळा

मी बघितलेल्या मेलेल्या रोपांपैकी सर्वांत जास्त या एका कारणाने गेली आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

पुण्याकडून येणारं रोप बहुधा काळ्या पिशवीत, चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात असतं. प्रवासात मुळं हलू नयेत यासाठी ती माती बरी. पण आपल्याकडच्या कोरड्या हवेत तो गोळा एकदा पूर्ण सुकला की विटेसारखा होतो. वरून पाणी घातलं की ते गोळा आणि कुंडी यांच्यामधल्या फटीतून सरळ खाली जातं आणि भोकातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं, भरपूर पाणी झालं. गोळ्याच्या आत मात्र ठणठणीत कोरडं.

काही जण तोच गोळा तसाच उचलून मोठ्या कुंडीत, चांगल्या भरड मिश्रणात लावतात. तेव्हा अडचण आणखी वाढते. बाहेरचं मिश्रण भराभर पाणी सोडतं, आतली चिकणमाती एक तर कोरडी राहते किंवा एकदा भिजली की आठवडाभर चिखल धरते. एकाच कुंडीत दोन वेगवेगळे स्वभाव, आणि मुळं त्या वाईट स्वभावाच्या अर्ध्या भागात अडकलेली.

तपासायला बांबूची बारीक काडी किंवा स्वेटर विणायची जुनी सुई घ्या. खोडापासून दोन बोटं अंतरावर हळू खुपसा. सहज गेली नाही, किंवा बाहेर आल्यावर कोरडी निघाली, तर तुमचा रोग हाच.

उन्हाळा चालू असेल तर कुंडी बदलायची नाही. काडीने गोळ्यात दहा-बारा ठिकाणी भोकं पाडा. कुंडी बादलीत काठापर्यंत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की बाहेर काढून निथळू द्या. दहा दिवसांतून एकदा एवढं केलं तरी रोप मृगापर्यंत तग धरतं.

कायमचा उपाय हिवाळ्यात, आणि तोही दोन हप्त्यांत. गोळ्याचा अर्धा भाग, म्हणजे सरळ खोडाच्या एका बाजूचा, काटा-चमच्यातला जुना काटा वाकडा करून त्याने मोकळा करा. मुळं तोडू नका, सोडवा. फार लांब आणि खाली गुंडाळलेली तेवढीच कापा. दुसऱ्या बाजूच्या मातीला बोटही लावू नका. मोकळ्या बाजूला नवं मिश्रण भरा, काडीने खोचून पोकळ्या बुजवा आणि रोप हलणार नाही असं तारेने किंवा सुतळीने कुंडीला बांधा. हलणाऱ्या रोपाची नवी मुळं वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर तुटतात. राहिलेली बाजू पुढच्या, शक्यतो त्याच्या पुढच्या हिवाळ्यात.

वड, पिंपळ, उंबर यांची मुळं धुऊन उघडी केली तरी ती झाडं महिनाभरात पुन्हा पालवतात. त्यांच्यावर हात बसलेल्या माणसाकडून ज्युनिपर हमखास मरतो. त्याच्यावर सगळी माती एकदम काढायचा प्रयोग करू नका.

काळी माती आणि मिश्रण

आपली काळी माती कपाशीला आणि केळीला सोन्यासारखी आहे, पण कुंडीतल्या ज्युनिपरला नाही. ओली झाली की फुगते आणि मुळांजवळची हवा दाबून टाकते. सुकली की भेगाळते आणि बारीक मुळं ताणून तोडते. श्रावणातल्या झडीत चार दिवस कुंडी निथळली नाही तर मुळं कुजायला लागतात, आणि झाड तपकिरी होतं दसऱ्याच्या आसपास. तेव्हा लोक म्हणतात, ऑक्टोबरची उष्णता बाधली. मूळ गुन्हा श्रावणातला असतो.

मी वापरतो ते मिश्रण साधं आहे. पक्क्या भाजलेल्या विटेचे हरभऱ्याच्या डाळीपासून वाटाण्याएवढे तुकडे चार भाग, धुतलेली भरड वाळू किंवा खडी क्रशरवर मिळणारी बारीक कच दोन भाग, चाळलेलं जुनं शेणखत एक भाग. विटेचा तुकडा स्वतः पाणी धरतो आणि दोन तुकड्यांमध्ये हवा राहते, आपल्या उन्हाळ्यात दोन्ही लागतं. नुसत्या कचीत लावलेली रोपं इथे दुपारी वाळतात. सगळं चाळून घ्या आणि खाली पडलेली भुकटी कुंडीत जाऊ देऊ नका. कितीही चांगलं मिश्रण असलं तरी भुकटीसकट भरलं तर वर्षभरात तळाला तिचा चिखल बसतो. कच्च्या विटा नकोत, एका पावसाळ्यात त्यांची माती होते.

कोवळ्या रोपाला उथळ बोन्साय ट्रे नकोच. उथळ भांड्यात तळाशी पाणी साचून राहण्याचं प्रमाण जास्त आणि उन्हात तापण्याचंही. खोड अंगठ्याएवढं होईपर्यंत खोल कुंडी ठेवा. मला भाजी धुवायच्या प्लास्टिकच्या जाळीदार टोपल्या आवडतात, मुळं जाळीपर्यंत येऊन थांबतात आणि आत बारीक फाटे फुटतात. पण आपल्याकडची झळ चहूबाजूंनी जाळीतून आत घुसते. म्हणून उन्हाळ्यात टोपली मोठ्या कुंडीत ठेवून भोवती ओली वाळू भरा.

एकाच दिवशी वर आणि खाली

नानांची ही चूक अगदी सर्वसाधारण आहे. रविवार मोकळा मिळतो, नवं रोप समोर असतं, तार घालायची हौस असते, नवी कुंडीही आणलेली असते. मग छाटणी, तार, वाकवणं, मुळांची कापाकापी आणि नवी माती हे सगळं एका दुपारी उरकतं.

ज्युनिपरची ताकद त्याच्या पानांत असते. मुळं कापली की नवी मुळं फुटायला पानांचीच मदत लागते, आणि आपण त्याच दिवशी निम्मी पानं छाटलेली असतात. उरलेल्या पानांना पाणी पुरवणाऱ्या सालीखालच्या वाहिन्याही वाकवताना जागोजागी ताणल्या गेलेल्या असतात. यातलं एकच काम झाड सहन करतं. दोन्ही एका हिवाळ्यात केली तर सुदैव लागतं, तिन्ही केली तर सुदैवही पुरत नाही.

माझा नेम असा आहे. नवीन आणलेल्या रोपाची पहिल्या हिवाळ्यात अर्धी माती बदलायची, वरच्या भागाला फक्त बघायचं. दुसऱ्या हिवाळ्यात तार. ज्यांना आधी वळणच द्यायचं आहे त्यांनी पहिल्या हिवाळ्यात तार घालावी, पण मग माती पुढच्या वर्षी. पेन्सिलीएवढं खोड वर्षभराने काही कडक होऊन हाताबाहेर जात नाही.

आपलं कॅलेंडर वेगळं आहे

जपानी चित्रफिती बघून काम करणाऱ्यांना हे मुद्दाम सांगतो. टोकियोच्या उत्तरेला ओमिया नावाचं बोन्सायचं गाव आहे. १९२३ च्या कांतो भूकंपानंतर टोकियोतले बोन्साय-बागवान तिथे जाऊन वसले आणि १९२५ मध्ये ते गाव उभं राहिलं. तिथे कुंडी बदलायचं काम वसंतात, मार्च-एप्रिलमध्ये चालतं, कारण त्यांचा उन्हाळा दूर असतो आणि थंडी नुकती सरलेली असते. आपल्याकडे मार्च म्हणजे होळी, आणि होळीनंतर पारा चाळिशीकडे निघालेला असतो. नवी मुळं फुटायच्या आत झळ लागते. त्यांचा वसंत आपल्याकडे पौष-माघात येतो.

तार घालायला दिवाळीपासून पौषापर्यंतचा काळ घ्या. वाढ मंदावलेली असते, तार लगेच रुतत नाही. माती संक्रांतीपासून माघाच्या मध्यापर्यंत बदला. रात्री गार, दिवस ऊबदार, आणि झळ लागायला दीड-दोन महिने हातात. महाशिवरात्रीनंतर मुळांना हात नाही, होळीनंतर कात्रीही नाही. मृगापर्यंत फक्त जगवायचं. पाऊस स्थिरावला की खत आणि मनसोक्त वाढ. काही मित्र आर्द्रा-पुनर्वसूतही माती बदलतात आणि त्यांची झाडं जगतात. मी करत नाही, कारण मधे पंधरा दिवस पावसाने ओढ दिली आणि कडक ऊन पडलं तर नुकती उघडलेली मुळं अडचणीत येतात, आणि आपल्याकडे पाऊस ओढ देतोच.

तापलेली कुंडी

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. हे सावलीतल्या हवेचं तापमान. गच्चीच्या स्लॅबवर, पश्चिमेच्या उन्हात ठेवलेल्या काळ्या पिशवीतल्या मातीची गोष्ट वेगळी. दुपारी चार वाजता कुंडीच्या पश्चिम कडेने मातीत बोट घाला. बोट ठेववत नसेल तर तिथलं मूळही जगत नाही. अशा रोपांची एका बाजूची मुळं शिजतात आणि त्याच बाजूच्या फांद्या आधी जातात.

कुंड्या स्लॅबवरून उचला, विटा किंवा लाकडी फळीवर ठेवा. बाहेरून चुना लावा किंवा गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवा. सकाळी चार-पाच तास ऊन आणि अकरानंतर सावली मिळेल अशी पूर्वेची जागा सर्वांत उत्तम, नाहीतर ५० टक्क्यांची हिरवी जाळी. त्याहून दाट जाळी लावली तर आतल्या फांद्या विरळ होतात. आणि घरात, टीव्हीजवळ शोभेला ठेवलेला ज्युनिपर कोणत्याच ऋतूत टिकत नाही, त्याला उघडं आकाश लागतं.

एक छोटी पण जीवघेणी गोष्ट. गच्चीवर पडलेल्या पाइपात दुपारी पाणी चहासारखं गरम असतं. पहिलं पाणी बाजूला सोडून द्या, हाताला गार लागलं की मग कुंडीला. शक्यतो पहाटेच घाला.

बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो आणि पानांची टोकं जळतात. रोज थोडं थोडं पाणी शिंपडल्याने क्षार साठत जातात. घालाल तेव्हा तळातून वाहेपर्यंत घाला आणि पावसाचं पाणी साठवता आलं तर ज्युनिपरसाठी राखून ठेवा.

रंग उडालाय, पण मुळं ठीक आहेत

कुंडी रोज हलकी होते, साल खरवडली तर आत हिरवी, तरी झाड धुळकट, पिवळट-राखी दिसतं. अशा वेळी कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारा अगदी बारीक जीव (माइट), आहे का बघा. पांढरा कागद फांदीखाली धरून फांदीवर टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले आणि बोटाने पुसल्यावर रेघ उठली, तर लाल कोळी आहे. फेब्रुवारीपासून मृगापर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उष्णतेत तो वाढतो. कपाशीवर, वांग्यावर बघितलेला असेलच.

कोळी हा किडा नाही, त्याला आठ पाय असतात, आणि घरात असलेलं कपाशीचं कीटकनाशक त्याच्यावर चालत नाही. उलट त्याने कोळ्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि पंधरा दिवसांत कोळी दुप्पट होतो. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून, आतून, पहाटेच्या वेळी, तीन-चार दिवसांच्या अंतराने चार वेळा मारा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. पाण्यात विरघळणारं गंधक चालतं, पण आपल्या उन्हाळ्यात ते पानं भाजतं, म्हणून फक्त थंडीत. निंबोळी तेल मारलं असेल तर पुढचे दोन-तीन आठवडे गंधक नाही.

काही वेळा काळजीचं कारणच नसतं. पावसाळा संपता संपता आतल्या, खोडाजवळच्या जुन्या सुया तपकिरी होऊन गळतात. टोकं पोपटी असतील तर ती नेहमीची पानगळ आहे, हाताने झाडून टाका म्हणजे आत उजेड जाईल. तसंच, जोरात छाटणी झाल्यावर मऊ खवल्यांच्या झाडाला अचानक टोचणाऱ्या सुया फुटतात. नर्सरीवाल्याने दुसरीच जात दिली असं समजून भांडू नका. झाड बालपणीच्या पानांवर गेलंय, त्याला जास्त छाटलं गेलंय असा त्याचा अर्थ. दोन-तीन वर्षं मोकळं वाढू दिलं की खवले परत येतात.

एकच फांदी वाळली

ज्युनिपरची ठरावीक मुळं ठरावीक फांद्यांना पोसतात. एका बाजूचं जाड मूळ कापलं, किंवा वाकवताना सालीखालची वाहिनी तुटली, तर तेवढीच फांदी जाते आणि बाकीचं झाड तसंच राहतं. कापून टाकायची घाई नको. याच वाळक्या फांदीची साल सोलून जिन करता येतं, म्हणजे वाळून पांढरं पडलेलं लाकूड जसंच्या तसं राखायचं. ज्युनिपरच्या म्हातारपणाची सगळी शोभा त्यात असते. तिथे पुन्हा हिरवं फुटेल म्हणून मात्र वाट बघू नका. पानं नसलेल्या लाकडातून ज्युनिपर फुटत नाही. याच कारणाने छाटताना फांदीवर थोडी तरी हिरवी पानं राखायचीच.

वळण देताना

जपानात इशिझुचीच्या डोंगरांत आणि इतोइगावाच्या कड्यांवर बर्फाने, दगडांनी पिळवटलेले शिम्पाकू ज्युनिपर वाढायचे. ते आता डोंगरातून आणण्याचे दिवस राहिले नाहीत, म्हणून तिथले बागवान छाटकलमाची रोपं लहानपणीच तारेने पिळून जमिनीत वाढवतात. आपल्यालाही तेच करायचं आहे, पण झाड जगवून.

अॅल्युमिनियमची तार खोडाच्या एक तृतीयांश जाडीची घ्या. तिचं टोक मुळांजवळ मातीत खोल रोवा, नाहीतर खालचा भाग वाकतच नाही. वेढे साधारण ४५ अंशांत, एकमेकांवर न चढवता. पहिलं वळण मातीपासून दोन-तीन सेंटिमीटरमध्येच आलं पाहिजे. इथे सगळे घाबरतात आणि खालचे चार बोट सरळ सोडून वर नागमोडी करतात. पुढे खोड जाड झालं की तो सरळ खांब कधीच लपत नाही. वळणं एकसारखी नकोत, एक आखूड, एक लांब, एक मागे जाणारं. आणि मनाला बरं वाटतं त्याहून थोडी जास्त तीव्र द्या. खोड जाड होताना प्रत्येक वळण सौम्य होत जातं. आज शोभून दिसणारं वळण पाच वर्षांनी जवळजवळ सरळ झालेलं असतं.

जास्त वाकवायचं असेल तर तारेखाली ओलं आवरण लागतं. बाहेर राफिया नावाचे ताडाचे धागे वापरतात, आपल्याकडे केळीच्या खोडाचं सोपट फुकट मिळतं. वाळवलेल्या सोपटाच्या पट्ट्या अर्धा तास भिजवून घट्ट गुंडाळल्या की साल फाटत नाही. वाकवताना "कट" असा आवाज आला तर तिथेच थांबा, थोडं मागे सोडा आणि त्या जागेवर आणखी पट्ट्या गुंडाळा. तार काढताना उलगडू नका, कटरने तुकडे करून काढा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बघत जा, तेव्हाच ती रुतते.

छाटणी एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. खालच्या एक-दोन फांद्या मुद्दाम लांब वाढू द्या. त्या शेवटी काढायच्याच आहेत, पण तोवर खोडाचा खालचा भाग त्याच जाड करतात. नखाने सगळे शेंडे खुडत राहायची सवय मोडा. त्याने झाड दाट दिसतं आणि आतून दुबळं होतं.

आत्ताच निम्मं तपकिरी झालं असेल तर

खत बंद. कुंडी बदलायची नाही, तार असेल तर तशीच राहू द्या, काढतानाही फांद्या हलतात. दाट सावलीत, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात ठेवा, पहाटे आणि संध्याकाळी पानांवर बारीक फवारा, आणि मातीत पाणी फक्त कुंडी हलकी झाल्यावर. कुंडी जड आहे आणि पानं सुकतायत म्हणून आणखी पाणी घालणं, हा शेवटचा घाव ठरतो. तपकिरी भाग दिवाळीपर्यंत कापू नका, कोणती फांदी जगली ते तोवर स्पष्ट होत नाही. मृग बरसला तरी जाळी एकदम काढू नका, आधी सकाळच्या दोन तासांपुरती उघडा.

माझ्या प्रत्येक कुंडीला पत्र्याची एक पट्टी बांधलेली आहे. तिच्यावर खिळ्याने कोरलेल्या तीन तारखा असतात : माती कधी बदलली, तार कधी घातली, आणि पोपटी टोकं शेवटची कधी दिसली. तुमच्या झाडाबद्दल विचाराल तेव्हा फोटोबरोबर या तीन तारखा सांगा, आणि काल पाणी घातलेली कुंडी आज उचलल्यावर किती जड लागते तेही.